शुक्रवारचा साक्षीदार

तडीपारीची नोटीस घेऊन हवालदार आला तेव्हा मी बोंबील तळत होते, आणि ज्यांना तडीपार करायचं होतं ते धोकादायक इसम, म्हणजे आमचे हे, बाल्कनीत गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"चंद्रहास खानविलकर कोण?"

"मीच," हे म्हणाले आणि उठायला गेले. गुडघ्याने ऐकलं नाही म्हणून परत बसले. शेवटी हवालदारच चपला काढून बाल्कनीत गेला आणि तिथेच सही घेतली. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, यात माझं काही नाही हां."

माझं काही नाही. हे वाक्य त्यानंतर मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की आता कुणी म्हटलं की मला मळमळतं.

नोटीस वाचली. चष्मा पुसून परत वाचली. 'सदर इसम हा धोकादायक व खुनशी वृत्तीचा असून त्याच्या दहशतीमुळे परिसरातील लोक उघडपणे तक्रार देण्यास पुढे येत नाहीत.' सबब त्याला पालघर, ठाणे आणि मुंबईतून दोन वर्षांसाठी हद्दपार का करू नये, याचा खुलासा सुनावणीला हजर राहून करावा. मी एसटीच्या तिकीट खिडकीवर जन्म काढलेली बाई. दारू पिऊन काचेवर डोकं आपटणारे पाहिलेत, गचांडी धरायला हात आत घालणारे पाहिलेत. दहशत कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवायला नको. माझ्या नवऱ्याला शहाळं फोडता येत नाही. पाल दिसली तर हे पलंगावर चढून मला हाक मारतात.

दोन वर्षं म्हणजे घर इथे, औषधं इथे, मी इथे, आणि हे कुठेतरी परमुलखात खोली घेऊन एकटे. पुण्याहून आमची आर्या फोनवर म्हणाली, "आई, पुणे त्यात येत नाही ना? मग बाबांना इकडे पाठव." मुलगी चांगली आहे, पण त्या दिवशी मी फोन ठेवून दिला. बाप काय पार्सल आहे का पाठवायला?

हे का झालं, ते सांगते. आमची करंजवाडी वसईतली जुनी वाडी. आत बैठी घरं, विहिरी, केळी, एक क्रूस. आणि बाहेरच्या रस्त्याला आमच्यासारख्यांच्या बिल्डिंगी. वाडीतल्या जीनाची आणि माझी मैत्री पाण्याच्या टँकरच्या रांगेतली. तिचा नवरा फर्डिनंड तुस्कानो, त्याचं डुकराच्या मटणाचं दुकान. आमच्या घरी ते शिजत नाही, पण नाताळात जीना सॉसेज पाठवते आणि हे ते बाल्कनीत उभे राहून खातात. घराबाहेर खाल्लं की पाप लागत नाही, असा यांचा हिशेब असावा. फर्डिनंडची बहीण वारली तेव्हापासून भाचा एरॉल त्या दोघांकडेच वाढला. आता टेम्पो चालवतो. केळी, भाजी, कुणाचं घर हलवायचं असेल तर ते.

त्या एरॉलने एकदा माणिकपूरला टेम्पो उभा केला, आणि मागे नेमकी इन्स्पेक्टर कडूसकरची खासगी गाडी अडकली. पोरगा माल उतरवून येईपर्यंत साहेबांना थांबावं लागलं. बस, एवढाच गुन्हा. संध्याकाळी त्याला पोलीस ठाण्यात 'विचारपूस करायला' नेला आणि दुसऱ्या दिवशी सोडला तेव्हा डाव्या कानातून रक्त येत होतं. पडदा फाटला होता. ठाण्याचं नाव मी सांगत नाही. नाव घेऊन तोंड कशाला विटाळा?

जीना रडत आमच्याकडे आली. हे बँकेत होते तेव्हा दुसऱ्यांच्या चुका शोधायचे, निवृत्त झाल्यावर सरकारच्या शोधायला लागले. यांनी माहिती अधिकारात अर्ज टाकला, की त्या रात्रीचं ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग द्या. उत्तर आलं, कॅमेरा दुरुस्तीसाठी बंद होता. यांनी अपील टाकलं, की दुरुस्त कुणी केला ते सांगा. आता कॅमेरा चालू आहे म्हणे. कान बंद आहे.

अपील गेलं आणि कडूसकर एका सकाळी सहज म्हणून घरी आला. सोफ्यावर बसला, माझ्या हातचा चहा प्यायला. "आजोबा, या वयात नातवंडांत रमावं. कशाला कागद रंगवता?" हे म्हणाले, "नातवंडं पुण्याला असतात." तो हसला. दात पांढरे शुभ्र होते मेल्याचे. तो गेल्यावर मी ती कपबशी धुतली नाही, कचऱ्यात टाकली. चांगल्या सेटमधली होती. पुढे नोटीसच आली.

नोटिशीत दोन गुप्त साक्षीदार होते. साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब'. नावं द्यायची नाहीत, कारण साक्षीदार आमच्या यांना घाबरतात म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच.

'ब' म्हणत होता, की यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये खुर्ची उगारून जिवे मारण्याची धमकी दिली. तो कोण हे कळायला मला चहा गाळेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. आमचे चेअरमन सुमेध प्रधान. यांनी गच्चीच्या गळतीवरून त्यांना मीटिंगमध्ये विचारलं होतं आणि बसताना खुर्ची ओढली होती. ओढली, उगारली नव्हती. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले तर म्हणतात कसे, "वसुंधराताई, ऐकलं ते फार वाईट झालं. माझं काही नाही हो त्यात." नाकाने कांदे सोलणारा माणूस. मी मधल्याच मजल्यावर उतरले आणि जिन्याने वर गेले.

'ब'चं मला काही वाटलं नाही. सापाने चावलं तर नवल काय? पण 'अ'चं तसं नव्हतं. 'माझे मांसविक्रीचे दुकान आहे. सदर इसमाने सायंकाळच्या सुमारास मी दुकानात गिऱ्हाईक करीत असताना कोयता दाखवून हप्त्याची मागणी केली.' खाली एप्रिलमधली तारीख. आमच्या वाडीत मांसाचं दुकान एकच आहे.

मी दोनदा वाचलं नाही. एकदाच पुरलं. ज्याच्या भाच्याच्या कानासाठी माझा नवरा दुखरा गुडघा घेऊन कचेऱ्यांचे जिने चढत होता, त्यानेच त्याच्या हातात कोयता दिला. यांना म्हटलं, "बघा तुमचा फर्डिनंड." हे नोटिशीची घडी घालत म्हणाले, "त्याला काहीतरी अडचण असेल." मला असला चांगुलपणा सहन होत नाही. मी चपला घातल्या आणि निघाले.

दुकानात दोन बायका मटण घेत होत्या. फर्डिनंड लाकडी ओंडक्यावर बरगडी तोडत होता. माझ्या आवाजाला मी आवर घालत नाही, खिडकीवरची सवय.

"काय ओ फर्डिनंड, कोयता नक्की कुणाच्या हातात होता? माझ्या नवऱ्याच्या की तुमच्या?"

त्याचा हात थांबला. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. तो मान वर न करता म्हणाला, "वयनी, तारीख वाचली काय?"

"तुमचं नाव नाही म्हणून मला कळणार नाही असं वाटलं तुम्हाला? ज्या घरचं सॉसेज आम्ही..."

"तारीख वाचा," तो म्हणाला आणि बरगडी तागडीत टाकली. "नीट वाचा."

"लाज वाटते का थोडी?"

"वाटते," तो म्हणाला. "तारीख वाचा, वयनी."

मी तणतणत घरी आले. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतं, दूधवाल्याच्या खाड्यांसाठी. एप्रिलचं पान उलटून काढलं आणि ती तारीख शोधली. चौकोन लाल होता. गुड फ्रायडे.

मी तिथेच स्टुलावर बसले.

वसईत राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. त्या दिवशी वाडीत चर्चची घंटासुद्धा वाजत नाही. घराघरांत उपास असतो, तीन वाजता सगळे चर्चमध्ये, संध्याकाळी परत येतात ते हळू बोलत. टीव्ही कुणी लावत नाही. मटणाचं नाव निघत नाही. फर्डिनंड तर आदल्या दिवशीच सुऱ्या धुऊन, कपड्यात गुंडाळून ठेवतो आणि शटरला कुलूप लावतो. वर्षभरात दुकान एक दिवस उघडणार नाही असं छातीठोक सांगता येईल, तर तो हा दिवस. आणि नोटिशीतला फर्डिनंड त्या संध्याकाळी गिऱ्हाईक करत होता.

दुपारी जीना मागच्या जिन्याने आली, डोक्यावरून पदर घेऊन. ती बोलली ते असं. फर्डिनंडला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं होतं. कडूसकर म्हणाला, सही कर, नाहीतर भाच्याच्या टेम्पोत गांजा सापडेल. "सापडलाय नाय म्हनाला, वयनी. सापडेल म्हनाला." लिहून घेणारा नवा होता, बाहेरून बदलून आलेला. त्याने विचारलं, एप्रिलमधला कुठला तरी दिवस सांग. "हे बसले इचार करत. मग हीच तारीख सांगितली. त्याने लिवली. कुनाला काय कललं नाय." जीनाने माझा हात धरला. "पन यांचं नाव घेऊ नका तिकडे. तुमी बोललात तर पोराला नेतील."

तिला मी शब्द दिला नाही, एवढं मला स्पष्ट आठवतं. मी फक्त तिला चहा दिला.

संध्याकाळी आमची वकील संजना आली. जूचंद्रची, शेतकऱ्याच्या घरातली, वसई कोर्टात प्रॅक्टिस करते. तिला सांगितलं तर ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "काकू, संपलं की! नोटिशीत दुकानदाराचं नाव त्यांनीच दिलेलं नाही. आपणही घ्यायचं नाही. त्या तारखेला वाडीत मांसाचं दुकान उघडंच नव्हतं, एवढंच म्हणायचं."

"नाही म्हणायचं," हे म्हणाले.

"का?" संजनाने विचारलं.

"वाडीत दुकान एकच आहे. आपण हे म्हटलं की त्याने आपल्याला मुद्दाम बनवलं, हे कडूसकरला त्याच क्षणी कळेल. मग एरॉल आत. तो पोरगा आत गेला तर मी भांडलो कशासाठी?"

"आणि तुम्ही बाहेर गेलात तर?" मी विचारलं. "दोन वर्षांनी आलात तर एरॉलच्या कानाचं नाव तरी कुणी काढेल का? त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चाललाय. तुम्हाला घराबाहेर काढलं की अपील मेलं."

"बघू," हे म्हणाले. यांचं 'बघू' म्हणजे दगडावरची रेघ. संजनाला यांनी बजावलं, की मी अशील आहे, माझ्या परवानगीशिवाय हा मुद्दा काढायचा नाही. मला मात्र काही बजावलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं शहाणपण यांना आलंय.

सुनावणीला एसी खोलीत बसवलं. मोठे साहेब टेबलामागे, बाजूला कडूसकर, इस्त्रीचा गणवेश, दाढी गुळगुळीत. आम्ही पोचत होतो तेव्हा कॉरिडॉरमधून एका माणसाला डोक्यावरून टॉवेल टाकून आतल्या खोलीत नेत होते. गुप्त साक्षीदार, पडताळणीला आणलेला. टॉवेल हिरव्या चौकड्यांचा. जीनाच्या दोरीवर तो मी कित्येकदा वाळताना पाहिलाय. ज्याने आयुष्यभर तोंड उघडं ठेवून धंदा केला त्याला चोरासारखं झाकून नेत होते, आणि ज्याने हे केलं तो खुर्चीत रेलून मोबाइल बघत होता. मी बाटलीतलं पाणी प्यायले आणि बसले.

साहेबांनी कागद चाळले. "कोयता दाखवून हप्ता मागितलात?"

"नाही," हे म्हणाले.

"मग साक्षीदार खोटं कशाला बोलेल? त्याचं तुमच्याशी वैर आहे?"

"नाही."

"मग?"

संजना यांच्याकडे बघतेय, हे टेबलाकडे बघतायत. साहेबांनी शेजारच्या टंकलेखकाला खूण केली, आता निकालाची भाषा सुरू होणार हे मला कळलं. मी उठले.

"साहेब, त्या दिवशी गुड फ्रायडे होता."

"तुम्ही कोण?"

"धोकादायक इसमाची बायको."

"वसुंधरा," हे म्हणाले. मी ऐकलं नाही.

"आमच्या करंजवाडीत गुड फ्रायडेला मांसाचं दुकान उघडत नाही. लहान पोराला विचारा. त्या दिवशी कोण कुठल्या गिऱ्हाइकाला काय विकत होतं, ते या इन्स्पेक्टरसाहेबांना विचारा."

साहेबांनी मोबाइलमध्ये काहीतरी बघितलं. मग कडूसकरकडे बघितलं. आता नोटीस फाटणार, असं मला वाटलं. देवाशप्पथ, मला तसं वाटलं.

कडूसकरची पापणी हलली नाही. "टायपिंग मिस्टेक आहे, सर. शनिवार असेल."

"मग दुरुस्त करून घ्या," साहेब म्हणाले आणि पेन पुढे केलं.

झालं. एका माणसाला दोन वर्षं घरातून हाकलायचं, ते ज्या तारखेवर, ती तारीख पेनाने एक घर पुढे सरकवायची. मी तिकिटावर तारीख चुकवली असती तर प्रवाशाने माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं, लाज नाही, राग नाही, भाजी चिरताना असतो तसा चेहरा. मला त्या खोटेपणापेक्षा त्या सवयीची शिसारी आली.

मुद्दा आता माझा काढून झाला होता, तेव्हा संजना उठली. "दुरुस्तीवर साक्षीदाराची सही लागेल, सर. त्याला आमच्यासमोर आणू नका. पण त्याला विचारा, आणि दुरुस्ती आज सुनावणीत झाली अशी नोंद घ्या."

साहेब वैतागले. "आणलाय ना त्याला?"

"आहे, सर. आत आहे," कडूसकर म्हणाला आणि स्वतःच कागद घेऊन आत गेला.

आतल्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, कूलरची वायर मधून गेलेली. सगळं ऐकू येत होतं.

"शनिवार होता ना रे तो?"

"नाय."

"नीट आठव. चूक झाली होती लिहिताना. शनिवार होता. इथे सही कर."

"शुक्रवार," फर्डिनंडचा आवाज.

"अरे, शुक्रवारी तुझं दुकान बंद होतं म्हणतात."

"बंदच होतं."

"मग?"

"मग काय? मी शुक्रवार सांगितला. शनिवार सांगनार नाय."

कडूसकर हळू आवाजात काहीतरी बोलला. एकच शब्द कळला, टेम्पो. हे डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, आता सही होणार. कोण करणार नाही? मीसुद्धा केली असती.

आणि मग फर्डिनंड इतक्या मोठ्याने बोलला, की बाहेरचा शिपाईसुद्धा आत डोकावला. "टेम्पोत काय टाकायचं ते टाका. एकदा सही केली ती शुक्रवारवर केली. शनिवारवर करनार नाय."

संजना भराभर लिहून घेत होती. साहेबांनी तिच्या पेनाकडे बघितलं, टेबलावरच्या कागदाकडे बघितलं आणि फाइल मिटली. त्यांना न्यायाचा उमाळा आला, असं कुणी समजू नये. वर हायकोर्टात प्रकरण गेलं तर सही त्यांची असणार होती.

पुढच्या आठवड्यात आदेश आला. पुरेशा पुराव्याअभावी नोटीस रद्द. बिल्डिंगमधले लोक पेढे मागायला लागले. मी तो आदेश उलटासुलटा करून पाहिला. खोटं लिहिलं कुणी, लिहवून घेतलं कुणी, टेम्पोचं काय बोलणं झालं, यातलं अवाक्षर त्यात नव्हतं. जणू नोटीस आपली आपण उगवली होती आणि आपली आपण वाळून गेली. हे म्हणाले, "घरी आहे ना मी? पुष्कळ झालं." आणि मग रात्रभर कूस बदलत राहिले.

फर्डिनंडच्या दुकानाला महिना उलटायच्या आत सील लागलं. अस्वच्छता. जी माणसं सील लावायला आली, त्यांनी दर नाताळाला त्याच दुकानातून फुकट सॉसेज नेलेलं जीनाने पाहिलंय. तेव्हा स्वच्छ होतं. टेम्पोत मात्र काही सापडलं नाही, कारण संजनाने त्या दिवशीचं सगळं बोलणं लिहून वर पाठवलं होतं आणि त्याची पोच सगळ्यांना दाखवत फिरत होती. कडूसकरचं कुणी वाकडं केलं नाही. उलट, उत्कृष्ट कामगिरीबद्दल त्याचा एका हॉलमध्ये सत्कार झाला. शाल-श्रीफळ दिलं आमच्या चेअरमनांनी. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला, खाली हात जोडलेल्यांची आणि फुलांची रांग. मी लिहिलं, 'साक्षीदार ब यांचे हार्दिक अभिनंदन.' ग्रुप एकदम चिडीचूप झाला. थोड्या वेळाने मला काढून टाकलं. बरं झालं, रोजच्या सुप्रभातातून सुटले.

पण फर्डिनंडचं दुकान माझ्यामुळे बंद झालं, हे खरं होतं. त्या खोलीत मी उठले नसते, तर कडूसकरला काही कळलं नसतं. जीना टँकरला दिसायची तेव्हा नेहमीसारखी बोलायची, आणि तेच मला जड जायचं. मी तिला एकदा म्हटलं, "मी बोलले म्हणून." ती म्हणाली, "तुमचा नवरा होता, वयनी." मी हंडा उचलला आणि आले.

यांनी पुन्हा कागद काढले. आता तक्रार कडूसकरविरुद्ध, वरच्या प्राधिकरणाकडे. खोटा जबाब, धमकी, एरॉलचा कान, सगळं. संजनाने वाचलं आणि म्हणाली, "काका, चांगलं आहे. पण धमकी ज्याला दिली, त्याने स्वतःच्या नावाने प्रतिज्ञापत्र दिलं तरच याला वजन आहे. नाहीतर दोन दिवसांत दप्तरी जाईल."

"त्याला विचारायचं नाही," हे म्हणाले. "त्याने द्यायचं ते देऊन झालं."

या वेळी मी काही बोलले नाही. बोलायला तोंड नव्हतं मला.

मग रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात फर्डिनंड, चर्चमध्ये मिस्साला घालतात तो स्वच्छ शर्ट घालून, आणि मागे एरॉल. सोफ्यावर बसले. फर्डिनंडच्या हातांना काम नव्हतं, ते गुडघ्यांवर नुसते पडून होते. एरॉल भिंतीकडे डावी बाजू करून बसला. हल्ली तो कुठेही तसाच बसतो, चांगला कान माणसांकडे येईल असा. पण त्या दिवशी सोफ्यावर मामा नेमका त्याच्या डाव्या हाताला, भिंतीच्या बाजूला बसला होता.

"संजना भेटली," फर्डिनंड म्हणाला. "काय लिवलंय ते वाचा, दादा."

यांनी आढेवेढे घेतले. मग चष्मा लावला आणि वाचायला लागले. "सदर अधिकाऱ्याने एका स्थानिक दुकानदारास ठाण्यात दिवसभर बसवून..."

"एका काय?" फर्डिनंडने मध्येच तोडलं. "नाव लिवा."

हे थांबले. "फर्डिनंड, विचार कर. दुकान गेलंय तुझं. अजून एरॉल आहे."

"एरॉल हाय म्हनूनच आलोय." तो जरा पुढे सरकला. "त्यांनी मला अ केला, दादा. तोंडावर टॉवेल टाकून फिरवला. घरी आलो तर जीना टॉवेल धूत बसली, तीन पान्यातून काढला. माज्या बापाने नाव ठेवलंय मला. लिवा. फर्डिनंड आग्नेल तुस्कानो. रानार करंजवाडी. डुकराच्या मटनाचं दुकान. बंद हाय असं पन लिवा."

यांनी लिहिलेलं खोडलं. वर नाव मोठ्या अक्षरात घातलं.

एरॉल माझ्याकडे वळला. "काय म्हनाला मामा?" त्याने मला विचारलं. "मला नाय ऐकू आलं."

मी उठून त्याच्या उजव्या बाजूला गेले, खाली वाकले आणि त्याच्या कानात मामाचं पूर्ण नाव सांगितलं.